दोन नावांची ताटं

त्यांची बायको सकाळी दवाखान्यात वारली. दुपारी अंत्यविधी झाला. संध्याकाळी त्यांनी चूल पेटवली आणि मुलीसाठी भाकरी थापली.

मी त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी. आदिलाबादहून मावल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची गल्ली होती. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत असे, ते महसूल खात्यात कारकून होते. थापण्याचा आवाज ऐकून मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तव्यावर पडता पडता भाकरी मधोमध फाटली होती. तिसरीतली मुलगी दाराला टेकून बसली होती. मी म्हणालो, "राहू द्या ती. आमच्याकडून डबा येतोय." आणि फाटकी भाकरी उचलायला हात पुढे केला. त्यांनी त्या भाकरीखाली आपला तळहात धरला.

"थांबा मास्तर. हे अजून खारीज झालं नाई."

खारीज हा त्यांच्या दफ्तरातला शब्द. निजामाचं राज्य गेलं, पण अर्ज मंजूर होणं आणि खारीज होणं आमच्या कचेऱ्यांतून गेलं नाही. घरात मात्र त्यांनी कशालाही खारीज केलेलं मी पाहिलं नव्हतं. कुणी काही टाकायला निघालं, की त्यांचा उघडा तळहात त्या वस्तूखाली यायचा. सुतळी असो, फुटक्या बादलीची कडी असो, नाहीतर तांदळाचं धुवण असो. धुवण केळीला जाई, कडी दुसऱ्या बादलीला लागे.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण ती माणसं बहुधा साठवतात. त्यांची माळ्यावरची पोती त्यांच्यामागे इतरांना उपसावी लागतात. हे साठवत नव्हते. आमच्या गल्लीत सगळ्यांत मोकळं घर त्यांचंच होतं. आलेली वस्तू आठवडाभरात कशाला तरी लागलेली असे.

जुन्या पँटीची त्यांनी पिशवी शिवली होती. दोन्ही पाय खालून बंद केलेले, कमरेला नाडी. ती खांद्यावर टाकून ते बाजाराला निघाले, की मुलगी दहा पावलं मागून चालायची. भाजीवाला लांबूनच ओरडे, "साब, आज फिर पतलून लाए?"

"लाया ना. एक पाँव में आलू डालो, एक में प्याज."

"और बैंगन?"

"बैंगन रहने दो. तीसरा पाँव किधर से लाऊँ?"

आजूबाजूच्या तेलुगू बायका तोंडाला पदर लावून हसत. तेही हसत. मुलगी हसत नसे.

स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर व्हायचा. आरागिरणीतून सागवानाचा भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून भोवती तो ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत काढून घ्यायची. बाटली निघताना ते श्वास रोखून धरत. भोक ढासळलं नाही, तर त्या दिवशी साहेब कितीही ओरडला तरी त्यांना काही वाटत नसे. चहा होईपर्यंत मी त्यांच्या फळीवर अंथरलेली वर्तमानपत्रं वाची. एकदा एका कथेचा शेवट डाळीच्या डब्याखाली गेला होता. मी डबा उचलू लागलो, तर म्हणाले, "मास्तर, पेपर तुमचेच तर हायत. दिले तवा काऊन नाई वाचले?"

बायकोने गोधडी अर्धी टाकून ठेवली होती. ती त्यांनी पुरी केली. दुपारच्या सुट्टीत कचेरीच्या व्हरांड्यात टाके घालत बसत. सोबतचा कारकून म्हणाला, "भाऊ, हे बायकांचं काम तुमी काऊन करून राह्यले?"

ते दोरा दाताने तोडत म्हणाले, "बायको नाई म्हनून."

यात टोमणा नव्हता. त्याने विचारलं होतं, त्यांनी सांगितलं. पुन्हा कुणी विचारलं नाही.

मुलगी वाढत होती. दरवर्षी शाळेच्या परकराची मुडप उसवून ते परकर लांब करत, आणि जुन्या मुडपीच्या जागी गडद पट्टा दिसे. एकदा ती रडत घरी आली. मुलींनी पट्टे मोजले होते म्हणे. त्यांनी परकर मागितला, निळा दोरा घेतला आणि प्रत्येक पट्ट्यावर साखळी टाक्याची ओळ घातली. महिनाभरात वर्गातल्या दोघी-तिघी आपले परकर घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मुलीचं रडणं थांबलं. पण बाजारात ती दहा पावलं मागेच राहिली. ते वळून पाहत नसत, फक्त चाल मंद ठेवत.

ती शिक्षिका झाली. नांदेडकडचं स्थळ आलं, मुलगा बँकेत होता. लग्न विहारात ठरलं. आणि जेवणावरून घरात अबोला आला.

त्यांच्या मनात पळसाच्या पत्रावळी होत्या. मावल्याच्या पलीकडे पळसाला तोटा नव्हता, लावणाऱ्या बायका ओळखीच्या होत्या, आणि जेवण झाल्यावर पानं खड्ड्यात गेली की खत. एक नमुन्याची पत्रावळ त्यांनी घरी आणली होती. मुलीला थर्माकोलच्या प्लेट हव्या होत्या. निजामाबादला मैत्रिणीच्या लग्नात तिने त्या पाहिल्या होत्या. पांढऱ्या, कोऱ्या, एकसारख्या.

"बाबा, एक दिवस तरी आपल्या घरात कोनी न वापरलेलं काई असू द्या ना," ती म्हणाली.

हे त्यांना लागलं. मी अंगणात बसलो होतो, मला दिसलं.

तेवढ्यात त्यांचा मोठा भाऊ आला. तो महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावात राही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. बाजेवर बसता बसता त्याला पत्रावळ दिसली.

"हे कायले?"

"जेवनासाठी, दादा. पाहून राह्यलो."

भावाने ती बोटाने बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मी आन आपला बाप लोकाच्या लग्नात उष्ट्या पत्रावळी उचलत होतो. तिच्यात राह्यलेलं घरी आनत होतो. तू लहान होता, तुले आठवत नाई. मले आठवते. तू नोकरीवाला झाला म्हनून तुले पान गोड लागून राह्यलं. माह्या पोरीच्या लग्नात पान दिसलं नाई पायजे."

मुलगी आतून बाहेर आली होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

त्यांनी पत्रावळ उचलली, चोया सोडवून पानं वेगळी केली आणि केळीच्या बुंध्याशी पसरली.

"बरं दादा. हे खारीज."

हा शब्द त्यांनी घरात अशा अर्थाने वापरलेला मी त्या एकदाच ऐकला.

"मंग प्लेटा आनाच्या ना?" मुलीने हळूच विचारलं.

"नाई बाई. तुह्या लग्नातल्या प्लेटा दुसऱ्या दिवशी गटारात तरंगताना मले नाई पाहवनार. स्टीलची ताटं गोळा करतो."

"लोकाकडून मागून?"

"मागून नाई. उसनी. आपल्या घरून जात नाई का लोकाच्या घरी?"

भाऊ विचार करून म्हणाला, "स्टील चालते."

भाऊ चालते म्हणाला, पण खरं अवघड पुढे होतं. आपल्याकडे ताटावर घरधन्याचं नाव कोरलेलं असतं. ताट उसनं द्यायचं म्हणजे नाव द्यायचं, आणि कुणाच्या पंगतीत आपलं नाव जाणार याचा विचार होतो. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू अशी सगळी घरं होती, आणि बौद्धांचं हे एकच. ते दारोदार गेले. मी सोबत होतो. त्यांना पाहून उंबऱ्यातच थबकतील असं मला ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, त्यांनी डाव-पळ्यासुद्धा दिल्या. कोपऱ्यावरच्या काकूंनी सहा जड ताटं काढून दिली. वर त्यांच्या यजमानांचं नाव. मला बरं वाटलं.

लग्नात सगळ्या गल्लीची नावं पंगतीला बसली. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याने ताट फिरवून वाचलं आणि विचारलं, "आमाले जेवू कोन घालून राह्यलं, एवढं तं सांगा!" पंगत हसली. मुलगीही हसली, बापाकडे पाहून. काकू आल्या, वधूच्या हातात पाकीट दिलं, उपवास आहे म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी राखेने ताटं घासली. परत करायला पुन्हा मी सोबत. काकूंच्या ओट्यावर त्यांनी सहा ताटं ठेवली. ती ऊन पडल्यासारखी चमकत होती.

काकू दारातूनच म्हणाल्या, "परत कशाला आणली? असू द्या तुम्हालाच. आमच्याकडे पुष्कळ आहेत."

आवाज गोड होता. काकूंनी ताटांना हातही लावला नाही. आम्हा दोघांनाही कळलं. त्यांनी ताटं उचलली, "बरं काकू," म्हणाले आणि उतरले. त्यानंतर ते त्या ओट्यावर कधी चढले नाहीत. स्टोव्हची वात बसवून द्यायची असली, तरी अंगणात उभं राहून देत.

भाऊ भडकला. "नेऊन तिच्या दारात फेक!"

"फेकाच्या कामाची हायत का ते, दादा?"

"मंग तिच्या नवऱ्याचं नाव घरात ठेवून जेवशील?"

दोन दिवस ताटं बाजेखाली पडून होती. त्यांच्या घरात वस्तू अशी नुसती पडलेली मी प्रथमच पाहिली. ते घासही नीट घेत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती पँटीच्या पिशवीत घातली आणि मला घेऊन भांड्याच्या दुकानात गेले. नाव कोरणाऱ्याने मशीन हातात घेतलं.

"पुराना मिटा दूँ साब?"

"नहीं. वो रहने दो. उसके नीचे लिखो."

आणि त्यांनी मुलीचं नाव सांगितलं.

मुलगी परतणीला आली, तेव्हा तिला आणि जावयाला त्याच ताटांत वाढलं. भावाने आपल्या ताटाची कड डोळ्यांजवळ धरली. त्याला वाचता येत नव्हतं. मी दोन्ही नावं वाचून दाखवली. तो पोट धरून हसू लागला.

"म्हन्जे आता दोघंबी एकाच ताटात जेवतीन!"

निघताना ते ताटं बांधून देऊ लागले, तर मुलीने गाठ सोडली. "इथंच राहू द्या, बाबा. माहं नाव घरात राहीन."

त्या दिवशी संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर बाजारात गेली. मी ओट्यावरून पाहत होतो. दोघं शेजारी शेजारी चालत होती.

त्यानंतर चार-पाच वर्षं ते एकटे राहिले. एका थंडीत छातीत दुखतंय म्हणाले आणि तीन दिवसांत गेले. वाटेत बस अडकल्यामुळे मुलीला पोहोचायला उशीर झाला. मी त्यांच्याजवळ होतो. जाताना ते शांत होते, एवढंच मी तिला सांगू शकलो. ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मृतिविधीच्या दिवशी गल्ली जेवायला आली. काकूही आल्या. त्यांची मुलं हैदराबादला गेली होती, डोळे अधू झाले होते, मी हात धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. मुलगी वाढत होती. तिने काकूंसमोर ताट ठेवलं. मुद्दाम की सहज, ते मी तिला कधी विचारलं नाही.

काकूंचा हात कडेवरून फिरला आणि थांबला. त्या बोटाने पहिलं नाव वाचत गेल्या. मग दुसरं. उपवास आहे असं त्या म्हणतील, असं मला वाटत होतं. मुलगी वरणाचं भांडं घेऊन तशीच वाकून उभी होती.

"वाढ," काकू म्हणाल्या.

त्या सावकाश जेवल्या. उठताना ताट कुणाला उचलू दिलं नाही. नळाशी बसून, चाचपडत, स्वतः धुतलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"तुझं ताट," म्हणाल्या.

आता काकू नाहीत, भाऊ नाही. भिंतीपलीकडचं घर विकलं गेलं, आणि नव्या मालकाने अंगणात फरशी घातली आहे. पाच ताटं नांदेडला मुलीकडे आहेत. सहावं तिने मला दिलं. मी रोज त्यात जेवतो.