यादीत घातलेली चार नावं

बुडालेल्या कंपनीची वेबसाईट सांभाळणं हे काम कुणी आपणहून पत्करत नाही. माझ्या गळ्यात ते पडलं, कारण ती वेबसाईट मीच बनवली होती. मुरबाडला स्टँडसमोर एका कापड दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर, एक मोडेम आणि बाहेर 'इंटरनेट शिका' असा बोर्ड. दोन हजार सालच्या आसपास औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे मालक धापा टाकत जिना चढून आले. कंपनी प्लास्टिकचे डबे बनवायची. म्हणाले, "वेबसाईट पाहिजे. परदेशातनं गिऱ्हाईक आलं पाहिजे." कंपनी चालू होती तोवर परदेशातनं कुणी आलं नाही. चार वर्षांनी बँकेची माणसं आली, गेटला कुलूप लागलं आणि मागोमाग कोर्टाने नेमलेले लिक्विडेटर साहेब आले.

लिक्विडेटर म्हणजे बुडालेल्या कंपनीची आवराआवर करून, जे काही शिल्लक आहे ते विकणारा अधिकारी. हे साहेब मुंबईत बसायचे आणि माझ्याशी फोनवर बोलायचे. त्यांनी मला सांगितलं, वेबसाईट बंद करायची नाही, मशीनचे फोटो राहू द्यायचे म्हणजे विकायला बरं पडेल, आणि ते पाठवतील त्या सूचना लावायच्या. मी 'आमचं ध्येय' काढून टाकलं, मालकांचं हसरं मनोगत काढून टाकलं. उरली मशीनं आणि सूचना. सूचना सगळ्या इंग्रजीत. कंपनीत काम केलेल्यांपैकी ती भाषा वाचणारे एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते आणि त्यातल्या एकाकडेही कॉम्प्युटर नव्हता. पानाच्या तळाशी किती लोकांनी पान पाहिलं त्याचा आकडा यायचा. तो आकडा वाढवणारा बहुतेक मीच. कुलूप लागून सहा महिने झाल्यावर परदेशातनं पहिलं पत्र आलं, दहा हजार डबे मिळतील का म्हणून. मी साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, "उत्तर देऊ नका." मी नाही दिलं.

दोन वर्षं असं चाललं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी कारखान्याला गिऱ्हाईक मिळालं. नवा मालक कारखाना पुन्हा चालू करणार होता आणि जुन्या कामगारांना आधी घेणार होता. साहेबांनी त्रेचाळीस नावांची यादी पाठवली, पहिल्यांदाच मराठीत. खाली लिहिलं होतं की ही यादी वेबसाईटवर पाहावी, आणि कुणाचं नाव राहिलं असेल तर पंधरा दिवसांत पुराव्यासकट कळवावं. मी यादी लावली आणि क्लासच्या पोरांना टायपिंग शिकवायला बसलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी चार बायका जिना चढून वर आल्या. धसईच्या पुढे गावाच्या कडेला एक वाडी आहे, तिथल्या. चपला बाहेर काढून दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक पुढे होती, पस्तिशीची असेल. तिने मला ओळखलं. मला ती काही आठवेना.

"सर, तुमी फोटू काढलेला ना आमचा? कंपनीत?"

हळूहळू उलगडा झाला. या चौघी झाकणं तासायच्या. साच्यातून झाकण निघालं की त्याच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक राहतं, ते ब्लेडने काढायचं. नऊ वर्षं काम केलं, पण ठेकेदाराच्या हाताखाली. हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराने कंपनीआधीच गाशा गुंडाळलेला. त्रेचाळीसच्या यादीत ठेकेदाराचं एकही माणूस नव्हतं. गेटवरच्या जुन्या वॉचमनने त्यांना यादीबद्दल सांगितलं होतं.

"वॉचमन बोलला, फोटू दाखवला तं नाव लागंल. नायतर दिवाळी झाली का भट्टीवर जावाचंच हाय. पोरगी चौथीला हाय माझी. तिला घेऊन गेलो तं तिची शाळा जाते, ठेवून गेलो तं कोणाकडं ठेवाची?"

एवढंच होतं सगळं. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक वाडीत यायचा आणि नवरा-बायकोच्या जोड्या कल्याणच्या पलीकडे वीटभट्टीवर न्यायचा, थेट पावसाळ्यापर्यंत. कंपनी होती तेव्हा नऊ वर्षं ती त्या ट्रकमध्ये चढली नव्हती. मागची दोन वर्षं चढली होती. मुलगी दोन्ही वर्षं वार्षिक परीक्षेला नव्हती. तिसऱ्या वर्षी तरी तिला चढायचं नव्हतं.

मी म्हणालो, "बसा ताई, बघतो." तो फोटो मला आता आठवला होता.

मालकांनी कुठूनसा फ्लॉपीवर फोटो घेणारा कॅमेरा आणला होता. मी रुबाबात सगळ्या कारखान्यातून फिरलो होतो. झाकणांच्या टेबलाशी बायका बसल्या होत्या, मागे मोठं मशीन. फोटो बघून मालक म्हणाले, "बायका नकोत. बाहेरच्या गिऱ्हाईकाला वाटेल, हे लोक सगळं हातानेच करतात. मशीन दिसू द्या." मी तिथल्या तिथे बायका कापल्या. वर अक्कल पाजळली, की फोटो लहान झाला तर पान लवकर उघडेल. तेव्हा एक फोटो उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ लागायचा, त्यामुळे माझं म्हणणं खोटं नव्हतं. मालकांनी पाठ थोपटली. फ्लॉप्या महाग म्हणून मी मूळ फोटो पुसून त्यांच्यावर क्लासचे धडे भरले.

तरीही मी शोधलं. माळ्यावरून फ्लॉप्यांचे दोन खोके काढले. आमच्याकडच्या सहा पावसाळ्यांनी त्यांना आतून बुरशी लागली होती. निम्म्या उघडल्याच नाहीत. उघडल्या त्यांच्यात धडे होते. चौघी खाली सतरंजीवर बसून बघत होत्या, जणू मी पोथी वाचतोय. शेवटी मी वेबसाईटवरचा फोटोच उघडून दाखवला. मशीन. लखलखीत. डाव्या कडेला, माझ्या कापण्यातून सुटलेला, एक हात. मनगटापासून पुढचा.

ती उठून पडद्याशी आली. "ह्यो माझा हात हाय."

"कशावरून?"

"अंगठ्याला चिंधी हाय ना, लाल? माझ्या पोलक्याची. ब्लेड लागाचा म्हणून आमी बांधाचो. हिची निळी असाची, हिची पिवळी." बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. हात तिचाच होता, यात कुणालाच शंका नव्हती. मग तिघींपैकी एकीने विचारलं, "आनि आमी?" मी खाली बघितलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "फोटो खराब झाला."

मी चौघींची पूर्ण नावं लिहून घेतली, हाताचा फोटो मोठा करून छापला, सोबत अर्ज लिहिला आणि साहेबांना पाठवून दिला. आठवड्याने फोन केला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढे अशा दहा कंपन्या होत्या. म्हणाले, "अहो, हात कुणाचाही असू शकतो. चेहरा पाठवा, नाहीतर हजेरीपट पाठवा. अंतिम यादी तीच राहणार, त्रेचाळीसची. वेबसाईटवर 'अंतिम' असं लिहा."

मी लिहायला बसलो. 'अंतिम' लिहिलं. आणि त्रेचाळीसच्या खाली चव्वेचाळीस ते सत्तेचाळीस अशी चार नावं टाकली. रागाच्या भरात टाकली असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. मी शांतपणे टाकली, एकेक अक्षर तपासून. पासवर्ड माझ्याकडे होता. सूचनेत साहेबांनीच लिहिलं होतं की यादी वेबसाईटवर पाहावी. मग नवा मालक वेबसाईटवरच बघणार, असा माझा हिशोब. दोन वर्षं मी त्या वेबसाईटला कुत्रं विचारत नाही म्हणून शिव्या घालत होतो आणि नेमका त्या दिवशी मला तिचा भरवसा वाटला. आपण केलेल्या वस्तूवर माणूस किती आंधळा विश्वास टाकतो, याची मला आजही चीड येते.

धसईच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम एसटीने तिकडे गेलो. ती रस्त्याकडेला काकड्या घेऊन बसली होती. मी छापलेली यादी तिच्या हातात दिली. "तुमचं नाव लागलं."

तिने कागद उलटा-सुलटा करून बघितला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि मला सगळ्यात मोठी काकडी दिली. मी ती घेतली. गावभर पुढारी झाल्यासारखा हिंडलो.

दिवाळी झाली, ट्रक आला. बाकीच्या तिघी नवऱ्यांबरोबर चढल्या. त्यांचा माझ्यावर भरवसा बसला नव्हता. त्या शहाण्या निघाल्या. ही चढली नाही. तिच्या नवऱ्याने मुकादमाला हात जोडून सांगितलं की या वर्षी बायकोला कंपनीत काम लागलंय. मुकादमाने त्यांच्या जागी दुसरी जोडी घेतली.

भरतीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेटवर गेलो. तसं जायची काही गरज नव्हती, पण मला तिचा आनंद बघायचा होता. रांगेत ती सगळ्यात शेवटी उभी. नवा मॅनेजर टेबल टाकून बसला होता, समोर कागदी यादी, प्रत्येक पानावर सही-शिक्का. ती त्याला साहेबांकडून टपालाने आली होती. वेबसाईट आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने तिचा कागद घेतला, आपला कागद घेतला, दोन्हींवरून बोट फिरवलं.

"ही चार नावं कुठून आली?"

तिने माझ्याकडे बघितलं. मॅनेजरनेही बघितलं. मागे वॉचमन उभा होता. डोळ्यांपुढे कोर्ट, पोलीस, क्लासचं कुलूप, सगळं एकदम आलं.

"टायपिंगची चूक असेल," मी म्हणालो.

"चार-चार बायका टायपिंगमध्ये आल्या?" मॅनेजर हसला, रांगेतले दोघे-तिघेही हसले. त्याने माझा कागद चुरगळून टेबलाखालच्या डब्यात टाकला. तिला म्हणाला, "मावशी, यादीत नाव नाही. पुढे कधी जागा निघाली तर बघू."

आम्ही स्टँडपर्यंत चालत आलो. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "सर, तिथं कंप्युटरात हाय ना पन माझं नाव?"

"आहे."

"मंग राहू द्या. हाय तं हाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं. साहेबांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, "तुम्ही सज्जन माणूस आहात म्हणून सोडतो. आत्ता, फोन चालू असताना, ती नावं काढा." मी काढली. चार ओळी निवडायच्या आणि एक बटण दाबायचं. साहेबांनी विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं."

आठ-दहा दिवसांनी ती पुन्हा जिना चढून वर आली, बरोबर मुलगी. मुलीच्या वेण्या वर बांधलेल्या, अंगावर शाळेचा निळा फ्रॉक. नवरा मजुरीच्या शोधात एकटाच बाहेर गेला होता, मुलगी सध्या तरी शाळेत जात होती.

"हिला वाचाला येतं आता," ती म्हणाली. "हिला दाखवा माझं नाव. मला तं कुठलं ते कळाचं नाय."

मुलगी कॉम्प्युटरकडे टक लावून उभी होती. मी खुर्चीतून उठलो नाही.

"लाईट गेलीय, ताई," मी म्हणालो.

तिने मान वर केली. छताला पंखा फिरत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मुलीचा हात धरला.

"बरं," ती म्हणाली, आणि दोघी जिना उतरून गेल्या.