डेल्मरचं मस्टर्ड

माझा भाऊ डेल्मर एका जागी शांत बसला की घरात काळजी सुरू व्हायची. मूत्रपिंडं थकली तेव्हा मात्र त्याचं बसणंच संपलं. फ्रिज उघडायचा, बाटल्यांकडे बघायचा, बंद करायचा, अंगणात जायचा, परत येऊन पुन्हा फ्रिज.

अमेरिकेतल्या आमच्या शेबॉयगन गावात उन्हाळाभर कुठे ना कुठे कोळशावर सॉसेजं भाजत असतात. आगीच्या बंबखान्याच्या मैदानावर मस्टर्डचं, म्हणजे मोहरीच्या आंबट चटणीचं, टेबल वर्षानुवर्षं डेल्मरचं. सॉसेजवर केचप मागणाऱ्याला तो विचारायचा, "पाहुणे कुठले?" आता त्याचं सॉसेज बंद, लोणचं बंद, खारं लोणी बंद. दवाखान्यातल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, बिनमिठाचं लोणी चालेल, जॅम चालेल. जॅम! त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पण माझी वहिनी अर्लिस हार मानणारी नव्हे. तिनं मोहरी भिजवली, व्हिनेगर घालून वाटली आणि बरणी भरली. "मिठाचा कण नाही हो," मला म्हणाली, "आता खाऊ दे मनसोक्त." मग टोस्टवर तेच, अंड्यावर तेच, उकडलेल्या कोबीवरही तेच.

तरी थकलेल्या मूत्रपिंडांना बाहेर टाकता न येणारं रक्तातलं पोटॅशियम वाढतच गेलं. असंच चाललं तर हृदयाला धोका आहे, डायलिसिसही लवकर लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनीचा धीर सुटला.

"मैदानावर जाऊन चरतोस ना?"

"अगं, एक घास नाही. शपथ."

"मग काय हवेनं वाढलं?"

तो येरझाऱ्या घालत राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण रडकुंडीला आला होता. वहिनीनं त्याचा टेबलावरचा एप्रन धुतला, इस्त्री केला आणि बंबखान्यात नेऊन दिला. "टेबल दुसऱ्या कुणाला द्या," म्हणाली. गावभर झालं. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही कीव.

पुढच्या खेपेला आहाराच्या बाईंनी सांगितलं, "पावाला लावता ते सगळं घेऊन या." गाडी मी चालवली. बाईंनी बाटल्या बघितल्या, मग बरणी उघडली.

"हे घरचं? मीठ नाही, मग चव कशानं आणलीत?"

वहिनीनं मोठ्या ऐटीत पर्समधून डबी काढली. "मिठाच्या बदल्यात मिळतं ते. समोरच लिहिलंय, सोडियम नाही."

बाईंनी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "ताई, हे जवळजवळ निव्वळ पोटॅशियम आहे. चांगल्या मूत्रपिंडाला चालतं. ह्यांच्यासाठी विष."

वहिनीनं डबी परत पर्समध्ये ठेवली. मग बाहेर काढली. पुन्हा ठेवली. डेल्मर मात्र खुर्चीत स्वस्थ बसला होता, किती महिन्यांनी.

परतताना गाडीत वहिनी म्हणाली, "मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस खरं."

"चवीवरून काही कळलं नाही तुला?"

"कडू होतं. पहिल्या दिवसापासून."

"मग थापायचास कशाला एवढं?"

डेल्मर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू समोर उभी राहून बघायचीस ना."