सगुणाबाईची उपाशी सकाळ

या, जवळ सरका. अशा दूर काऊन बसून राहिल्या? चार दिवस माझ्या घराला कुलूप होतं. एकीनं तरी फोन केला का, म्हातारी कुठं गेली म्हणून? आता ऐका मुकाट्यानं.

माझी भाची प्रज्ञा सरकारी पाहणीच्या कामावर आहे. देशात किती जणांना साखर आहे, किती जणांचं बीपी वाढलेलं आहे, ते घरोघरी जाऊन मोजायचं. तिच्या मागं लागून मीही गोंदियाहून रेल्वेनं निघाले. त्याच बाजूला कचारगडच्या जत्रेला एकदा गेले होते, पण तेव्हा माणसंच दिसली होती. आता पावसाळ्यात मुलूख दिसला. दोन्हीकडं धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरं), मागं काळपट हिरवे डोंगर. सालेकशाहून जीपनं गावात पोचलो. उतरले, तर माझी चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. एका चपलेनं गावात शिरले बाई!

मोजायची घरं चिठ्ठ्या टाकून आधीच ठरलेली. गावातला एक म्हातारा मागंच लागला, "माह्या घरी या न! मले साखर हाये, बीपी हाये, सारंच हाये!"

प्रज्ञा हसली. "बाबाजी, बोलावतील त्यांनाच मोजलं, तर सारा देश आजारी दिसेल."

चिठ्ठीत नाव निघालं सगुणाबाईचं. पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी. उजव्या पायाला फडकं. निंदणात (तण काढताना) काटा रुतला त्याला महिना झाला, जखम भरत नव्हती. हळद भरून भरून पाय पिवळा झालेला. प्रज्ञा मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, साखर असली तर हा पाय जायचा गं. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त पाहते."

रात्री सगुणाबाईनं आम्हाला ठेवूनच घेतलं. भात आणि वास्त्यांची भाजी (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) वाढली. सकाळी प्रज्ञा दुसऱ्या घरी गेली तेवढ्यात चहा झाला. पाहुणीला एकटीला चहा देणं सगुणाबाईला जमेना, आणि एकटीनं पिणं मला. दोघींनी कप रिकामे केले, आणि दारात प्रज्ञा!

"मावशी! काय केलंस हे?"

"अगं, दोनच घोट..."

"दोन घोट साखरेचे!"

जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "फास्टिंग लिख दो ना मॅडम, कौन देखने आ रहा है?"

"ये पैर मैं देख रही हूँ ना, भैया," प्रज्ञा म्हणाली, आणि तपासणीचा डबा बंद केला.

आता त्या गावात आमचा उरला एकच दिवस. सगुणाबाई तडकली, "रोज रोज उपाशी कोण राहील? मले बांधीत जावा लागते." आणि लंगडत निघून गेली.

दिवसभर मला घास गोड लागला नाही. ती परतली तेव्हा म्हटलं, "चूक माझी. उद्या मीही उपाशी राहते."

"तुमी कायले?"

"तुमच्या संगतीले."

दुसऱ्या सकाळी दोघी भिंतीला टेकून बसलो. मी बोट पुढं केलं, तर प्रज्ञा म्हणाली, "तुझं नाव नाही चिठ्ठीत."

"मंग तुमचा उपास फुकटच गेला वो!" सगुणाबाई हसायला लागली. हसता हसताच तिनं बोट दिलं.

प्रज्ञानं यंत्र पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"बोल न पोरी. मेली तर नाही न मी?"

"नाही काकू. पण साखर खूप आहे. हळदीनं भागणार नाही, गोंदियाच्या दवाखान्यात जावं लागेल."

सगुणाबाईचं हसू गेलं. "तिथं मले कोण ओळखते?"

"मी ओळखते," म्हटलं.

परतताना गाडीत प्रज्ञा सांगत होती, हा आकडा दिल्लीला जाईल, त्यावर सगुणाबाईचं नाव नसेल. बरंच आहे, म्हटलं, देशानं मोजावंच. पण दवाखान्याच्या रांगेत आकडा उभा राहत नाही गं, बाई उभी राहते, दुखऱ्या पायावर.

सोमवारी सगुणाबाई माझ्याकडं, गोंदियाला लागूनच फुलचूरला, येते आहे. पाय वाचेल का, ते डॉक्टर सांगतील. गोंदियातलं हिंदी ऐकून ती बिचकेल, आणि मी एकटी कुठं कुठं पुरणार? तुम्ही या. रविवारीच या मुक्कामाला, म्हणजे ती पोचेल तेव्हा घर भरलेलं दिसेल.