नऊवर अडकलेला काटा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान सुरू होईना, आणि ते कुणामुळे होत नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं. तीस वर्षं विमानं दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळं फार लवकर कळतं. हा या कामाचा रोगच आहे.

आमची कंपनी म्हणजे हैदराबादेत एक पत्र्याचं हँगर, एक मालक आणि दोन पंख्यांचं एक विमान. चार पाहुणे नऊ वाजता तिरुपतीला निघायचे होते. पायलट पुण्याचे, घड्याळ बघून शिंकणारे. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी उजवं इंजिन घेतलं.

हे इंजिन स्कूटरसारखं किक मारली की पेटत नाही. आधी स्टार्टर, म्हणजे त्याला जोडलेली विजेची मोटर, ते नुसतं गरगर फिरवते. काट्यानं बारा टक्के वेग दाखवला की मग पायलट इंधन सोडतो. त्याआधी सोडलं तर इंजिन आतून भाजून निघतं. आमचा काटा नऊपर्यंत चढला आणि तिथंच बसला. पायलटनी बंद केलं, पाच मिनिटं थांबले, पुन्हा फिरवलं. पुन्हा नऊ.

"तुमचं इंजिन उठत नाहीये," ते खिडकीतून म्हणाले, जणू मीच रात्री त्याला पाजली होती.

उजवीकडचा स्टार्टर चारच दिवसांपूर्वी बदलला होता. बदलणारी आमच्याकडची इंजिनीअर, अंबरपेठेतली तेलुगू मुलगी, दोन वर्षं माझ्या हाताखाली होती. काम बरोबर झाल्याची सही करायचा अधिकार तिला महिन्यापूर्वी मिळाला होता आणि स्वतःच्या सहीनं केलेलं तिचं हे पहिलं काम. आमच्यात सहीला फार मोल. ज्याची सही, त्याची मान.

मालक धावत आले. "किसका काम था ये?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "नई सही है," मी म्हणालो.

"उसकी गलती निकली तो छे महीने सही बंद!" मालक म्हणाले आणि पाहुण्यांना चहा पाजायला गेले. ती समोरच टॉर्च घेऊन उभी होती. टॉर्च तेवढा चालू-बंद करत राहिली.

मग म्हणाली, "सार, एक बार लेफ्ट ट्राय करेंगे? दो मिनट का काम है."

"सर्दी इसकू है," मी म्हणालो, "तुम पड़ोसी की नाक कैकू देख रैं?"

माझा विनोद मलाच आवडला. मी उजव्या इंजिनाचं कव्हर उघडलं, तिचा स्टार्टर बाहेर काढला आणि तिची चूक शोधायला लागलो. नट घट्ट. वायरी जागच्या जागी. आतले ब्रश नवे कोरे. एकेक गोष्ट बरोबर निघत होती तसतसा माझा राग वाढत होता. आता लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. चूक सापडावी अशी माझी मनापासून इच्छा होती. तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक आजोबा दारातून डोकावून विचारून गेले, की चौघांनी उतरून धक्का मारला तर काही उपयोग होईल का.

दोन तासांनी स्टार्टर परत बसवला. काटा नऊवर.

मी कपाळाचा घाम पुसत होतो तेव्हा तिनं पायलटना हातानं डावीकडे खूण केली. मला विचारलं नाही. पायलटनी डावं इंजिन फिरवलं. नऊ! त्या बाजूच्या स्टार्टरला वर्षभरात कुणी हात लावला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी देत होतो, हे माझ्या ध्यानात आलं. दोन्हीकडे एकच दुखणं, म्हणजे दोन्हीकडे जाणारी वीजच कमी पडत होती.

ही वीज विमानाच्या बॅटरीतून आम्ही घेत नाही. बॅटरी वापरायची नाही असा मालकांचा हुकूम आहे. चाकांवरची एक वीजगाडी विमानाजवळ आणायची आणि तिच्या जाड केबलचा प्लग विमानाच्या अंगातल्या खोबणीत खुपसायचा. गाडीचा मीटर पुरे अठ्ठावीस व्होल्ट दाखवत होता, म्हणजे वीज वाटेतच कुठंतरी अडत होती. तिनं प्लगला तळहात लावला.

"सार, गरम है."

"कितना?"

"इडली जैसा."

प्लग ओढून काढला. खोबणीतल्या दोन जाड पिनांवर काळपट लाल काहीतरी करपलेलं होतं. तिनं ते नखानं खरवडून हुंगलं. मला हुंगायची गरज नव्हती.

आमच्याकडे शेती होती तेव्हापासूनची रीत आहे: दसऱ्याला हत्याराची पूजा करताना कुंकू धारेला लावायचं. दांड्याला लावलं तर पूजा पोचत नाही. आदल्या दिवशी बाकीच्यांनी पंख्याला आणि पान्यांना बोटं लावली. मी मात्र जाणकार. विमान पहिला घास इथून घेतं, म्हणून खोबणीचं झाकण उघडलं आणि खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू दोन्ही पिनांना घसघशीत लावलं. ताट धरून हीच उभी होती. "सार, यहाँ नक्को," असंही म्हणाली होती. "तुमकू पूजा क्या मालूम," मी म्हणालो होतो.

पिना साफ करायला दहा मिनिटं लागली. काटा बारा ओलांडून गेला, इंजिन पेटलं, पाहुणे साडेअकराला उडाले.

मग दुरुस्तीची वही. 'कारण' या रकान्यात "पिनांवर मळ" असं लिहून सुटता आलं असतं. मळाला चेहरा नसतो. पण मालक येऊन विचारायला लागले, आणि ती माझ्याकडे बघत होती.

"मेरा कुंकू निकला," मी म्हणालो.

मालक इतके हसले की त्यांना टूलबॉक्सवर बसावं लागलं. "जाने दो! पूजा में कायकी गलती? तुम तो घर के आदमी!" डोळे पुसत ते निघून गेले.

"मेरे से होता तो छे महीने, ना सार?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सहीचे अधिकार कुणाला, ती यादी माझ्याच ताब्यात असते. मी यादीतलं माझं नाव खोडलं, पुढे 'सहा महिने' लिहिलं आणि मालकांना नेऊन दाखवलं. "बुड्ढे का दिमाग चल गया," ते म्हणाले, पण त्यांनी खाली शिक्का मारला.

दुसऱ्या दिवसापासून काम मी करायचं आणि तपासून सही तिनं करायची. पहिलंच काम साधं होतं, एका झाकणाचे चार बोल्ट. ती पाना घेऊन एकेक बघत गेली. मी हात मागं बांधून उभा. तिसरा बोल्ट पाव वळसा फिरला.

"ढीला था?" मी विचारलं.

"थोडा," ती म्हणाली, आणि तो आवळून तिनं सही केली.