गूळतुला आणि विमान
बाळांनो, काल चौकात पुन्हा एका पुढाऱ्याच्या गूळतुलेसाठी मोठा काटा उभा राहिला आणि त्या ताज्या गुळाच्या वासाने मला यवतमाळची धावपट्टी आठवली, म्हणून हे लिहिते. तुमच्या आजोबांना हृदयविकाराचा झटका आला होता. सभेला आलेल्या एका पुढाऱ्याने कॅमेऱ्यांसमोर त्यांना आपल्या भाड्याच्या छोट्या विमानातून नागपूरला न्यायचे कबूल केले. आत शिरलो तर शेपटीकडे त्याच्या तुलेतल्या गुळाच्या ढेपा रचलेल्या. वैमानिक प्रत्येकाला वजन विचारून टिपत होता. पुढारी पोट आत घेऊन म्हणाला, "सत्तर." बेरीज तरीही जास्त झाली, तेव्हा पुढाऱ्याने उतरण्यासाठी माझ्याकडे बोट दाखवले. त्याचा कार्यकर्ता म्हणाला, "बाई, तुमी कायले येता? आमी हाओ ना!" आजोबांनी माझा हात घट्ट धरला. मी वैमानिकाला शांतपणे सांगितले, "सकाळीच यांची गूळतुला झाली. एकशे दहा किलो. माईकवरून सांगितले, टाळ्याही पडल्या." त्याचे पेन थांबले. "मग बाई उतरूनही भागणार नाही. मागचा गूळ उतरवा, नाहीतर विमान हलणार नाही." "अरे, लोकाईच्या श्रद्धेचा गूळ हाय तो!" पुढारी कळवळला. आजोबांसाठी तो एकदाही इतका कळवळला नव्हता. विमान उडेपर्यंत तो खिडकीतून त्या उतरवलेल्या ढेपांकडेच पाहत होता. त्याचे नाव आता इथे कुणी काढत नाही. तुमचे आजोबा मात्र आहेत. आत्ता समोर बसून गुळाचा चहा फुंकून फुंकून पीत आहेत.