त्याने कुस्ती विकली नव्हती

शेलूबाजारच्या फाट्यावर जीपची वाट पाहत माणसं ज्या हॉटेलात बसतात, तिथे माझ्या भाच्याचा विषय आजही निघतो. जाळीच्या पिंजऱ्यातल्या कुस्तीत गेलेला आमच्या भागातला तो एकटाच, म्हणून निघतो. नवीन माणूस असला की त्याला सांगतात, पोट्टा चांगला होता, पण एक कुस्ती विकली त्याने. पुढच्या कुस्तीत हात मोडून घेतला. ऐकणारा विचारतो, विकली हे कशावरून? उत्तर येतं, त्याचा सख्खा मामाच म्हणाला, आणि मामा वस्ताद आहे.

तो मामा मी. मी तसं म्हणालो होतो. ते खोटं होतं.

गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे आमचा आखाडा आहे. वर पत्रे, खाली हळद, तेल आणि ताक घालून मळलेली लाल माती. आत भिंतीला लाकडी खुंट्या आहेत. प्रत्येक पैलवानाची एक खुंटी, तिच्यावर त्याचा लंगोट. पोरगा नोकरीला लागला, लग्न झालं, पोट सुटलं, तरी त्याचा लंगोट तिथेच राहतो. एकाच कारणाने तो खाली उतरतो. एखाद्याने दंगलीत आधी ठरवून हार घेतली, म्हणजे नुरा कुस्ती केली, तर वस्ताद स्वतःच्या हाताने त्याचा लंगोट काढतो आणि घरी पाठवून देतो. त्यावर कुणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते, गाव समजून घेतं. पूर्वी मी एकाचा काढला होता आणि पुढे त्याने कबूलही केलं. तेव्हापासून वस्तादाची नजर चुकत नाही असं गाव मानायचं. गावापेक्षा जास्त मी मानायचो.

माझी धाकटी बहीण नवरा गेल्यावर पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. विहिरीजवळच्या तुकड्यात तिने वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायला सुरुवात केली आणि पोराला माझ्या मातीत सोडलं. पोरगा चिवट निघाला. अंगाने फार नव्हता, पण खाली घुसून समोरच्याचे पाय उचलायचा ते इतक्या झटक्यात की पाहणाऱ्याची पापणी लवायच्या आत माणूस आडवा. पोळ्याच्या दंगलीत त्याने मोठमोठे पाडले. मी त्याला शिकवलेली सगळ्यात पहिली गोष्ट एकच होती. जीव गेला तरी पाठ मातीला लागू द्यायची नाही. लहान होता तेव्हा झोपेतसुद्धा तो पालथा झोपायचा, बहीण हसायची.

पुढे तो पुण्याला एका व्यायामशाळेत कामाला लागला आणि तिथून या नव्या खेळात गेला. एमएमए म्हणतात त्याला. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. पहिल्या काही लढती तो जिंकला. सुट्टीत आला की ओठ फाटलेला, कान सुजलेला, पण चेहरा असा खुललेला की बहिणीला रागावता यायचं नाही. लढतीआधी वजन उतरवायला म्हणून एकदा ऐन मे महिन्यात अंगात दोन स्वेटर आणि वर प्लास्टिकचा रेनकोट घालून तो मालेगावच्या रस्त्याने पळत निघाला. हॉटेलवाल्याने मला हाक मारली.

"वस्ताद, भाच्याले थंडी वाजून राह्यली काय?"

"वजन कमी करून राह्यला तो."

"वजन? अन् माह्यं कोन कमी करन बाप्पा? त्याले म्हना, मले पाठीवर घेऊन पय."

सगळे हसले. मीही हसलो. मला त्या पोराचा अभिमान होता, हे इथे लिहिलं पाहिजे, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

त्याच सुट्टीत तो मला आखाड्याच्या ओट्यावर बसून त्या खेळाचे नियम सांगत होता.

"मामा, तिथी पाठ लागली म्हनून कुस्ती संपत नाई. पाठीवर पडूनबी लढता येते."

"पाठीवर पडून झोपता येते लेका," मी म्हणालो.

"आयका तं. हात नाई तं गळा त्याच्या पेचात अडकला अन् सुटून नाई राह्यला, तं आपन थाप मारायची. त्याच्या अंगावर मारा, नाई तं जमिनीवर मारा. पंच लगेच सोडवते."

"म्हंजे शरन जायचं."

"म्हंजे उद्या पुन्हा सरावाले यायचं, मामा."

मी मान हलवली आणि विषय बदलला. त्याने मला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. माहिती नव्हती म्हणून चुकलो, असं म्हणायची सोयही मला नाही.

त्याची मोठी लढत मोबाईलवर दिसणार होती. संध्याकाळी हॉटेलात गर्दी झाली. हॉटेलवाल्याने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मला पुढचं बाकडं दिलं. सुरुवात चांगली झाली. भाचा खाली घुसला, त्याने पाय धरले, समोरचा जाळीवर आदळला. मग दोघं सुटले. भाच्याने पुन्हा घुसायला पाय टाकला आणि एकदम थांबला. दोन पावलं मागे गेला. आणि मग, कुणी ढकललं नाही, कुणी पाडलं नाही, तो आपणहून खाली बसला आणि उताणा झाला. पाय वर करून समोरच्याला हाताने खुणावू लागला, ये, खाली ये. तो गडी खाली आला, थोडी झटापट झाली, त्याचा हात भाच्याच्या गळ्याखाली गेला. भाच्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. पंचाने सोडवलं. संपलं.

भज्यांची कढई तेवढी चुरचुरत होती. मग मागून एक जण म्हणाला, "वस्ताद, हे काय होय?"

पाच पन्नास डोळे माझ्याकडे. मी नियम विसरलो, ओट्यावरचं बोलणं विसरलो. मला दिसत होतं ते एवढंच, की माझ्या हाताखालच्या पैलवानाने स्वतःहून पाठ जमिनीला लावली. आमच्या मातीत त्याचा अर्थ एकच होतो.

"विकली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात पोरं जोर मारत असताना मी त्यांच्यादेखत त्याच्या खुंटीवरचा लंगोट काढला आणि घडी करून बहिणीकडे पाठवला. दुपारी ती शेतात आली. हातात मेथीच्या जुड्या होत्या, त्या तिने खाली ठेवल्या नाहीत.

"भाऊ, लंगोट घरी आला."

"हो."

"पोरगं येईन तवा मी त्याले काय सांगू?"

मी पाण्याचा दांड दुसऱ्या सरीला फोडत राहिलो. ती जुड्या तशाच घेऊन गेली.

तो आला तेव्हा जीपमधून उतरताना एक पाय सरळ ठेवून उतरला. घरी न जाता आधी माझ्याकडे आला. पँट वर करून त्याने गुडघा दाखवला. भोपळ्यासारखा झाला होता, आतलं रक्त निळं होऊन पोटरीपर्यंत उतरलं होतं.

"मामा, पाय टाकला अन् गुडघा गेला. उभं राहाता येत नोतं. उभा राह्यलो असतो तं त्यानं उभ्यानं मारून टाकलं असतं. म्हनून खाली घेतलं त्याले."

"गुडघा गेला तं गेला. पाठ कायले लावली?"

गुडघा पाहताक्षणी मला कळलं होतं. पण हॉटेलात शब्द गेला होता, खुंटी रिकामी झाली होती, आणि वस्तादाने लंगोट परत टांगल्याचं आमच्या आखाड्यात कधी घडलं नव्हतं. माझा शब्द मागे घेण्यापेक्षा मला त्याचं नाव जाऊ देणं सोपं गेलं. त्याने पँट खाली केली.

"बरं मामा," एवढंच म्हणाला आणि लंगडत घराकडे गेला.

गुडघा बरा व्हायला खूप काळ गेला. त्यानंतर त्याला पुन्हा लढत मिळाली. हॉटेलात गर्दी आधीइतकी नव्हती, पण मी गेलो. लढत बराच वेळ चालली. त्याने समोरच्याला दोनदा उचलून टाकलं. मग एकदा पडता पडता त्या माणसाने भाच्याचा उजवा हात दोन्ही पायांच्या मधे पकडला आणि मागे झुकला. हात कोपरापाशी उलटा ताणला जाऊ लागला. भाच्याचा डावा हात मोकळा होता. त्या हाताने दोन थापा मारल्या असत्या तर झालं असतं. तो हात वर आला, हवेत थांबला आणि मुठीत मिटला.

"अरे वा, यावक्ती सोडून नाई राह्यला गडी," कुणीतरी म्हणालं.

आणि मी म्हणालो, "शाब्बास."

मोबाईलचा आवाज बारीक होता, त्यामुळे हात मोडल्याचा आवाज आम्हाला आला नाही. फक्त त्याचा हात भलत्याच दिशेला गेलेला दिसला आणि पंच धावला. मी उच्चारलेला तो शब्द अजून तिथेच कुठेतरी असेल असं मला वाटतं. त्या बाकड्यावर मी आता बसत नाही.

बहीण पुण्याला गेली. मी गेलो नाही. वांगी तोडणीला आली आहेत असं सांगितलं. वांगी आली होती, पण ती तोडायला गावात दुसरी माणसं होती. परत आल्यावर ती ओसरीवर बसली, चप्पल काढली आणि माझ्याकडे न पाहता बोलली.

"मी त्याले विचारलं भाऊ. म्हटलं, बाबू, थाप काहून नाई मारली? तं म्हने, आई, मामा पाहून राह्यले असतीन."

याहून जास्त ती या विषयावर आजपर्यंत माझ्याशी बोललेली नाही. सणाला मला ओवाळते. ताट वाढते. तेवढंच.

शस्त्रक्रिया झाली, पण कोपर सरळही होत नाही आणि पूर्ण दुमडतही नाही. लढणं संपलं. एका हाताने काम करणारा माणूस त्या व्यायामशाळेला नको होता. तो गावी परतला आणि आईच्या तुकड्यात भाजी करू लागला. वांग्याचं कॅरेट तो डाव्या खांद्यावर घेतो, उजवा हात नुसता आधाराला लावतो. शिरपूरकडून एक स्थळ आलं होतं. पाहुण्यांना वाकडा हात चालत होता. जाताना ते फाट्यावर चहाला थांबले आणि तिथे त्यांना कुस्ती विकल्याची गोष्ट कळली. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. मध्यस्थाने कारण सांगितलं त्या दिवशी बहिणीने चूल पेटवली नाही.

त्या फोनची वाट पाहणं संपल्यावर एका सकाळी मी त्याला आखाड्यात बोलावलं. पोरं शाळा-कॉलेजला गेली होती. मला माफी मागायची होती, पण मी म्हणालो, "पाठीवर पडून कसं लढतात, दाखव मले."

तो हसला नाही. मातीला हात लावून कपाळाला लावला, आत उतरला आणि उताणा पडला. "या मामा. पाडलं समजा तुमी मले. आता चित झालो मी. मारा."

मी गुडघ्यावर बसून त्याच्यावर वाकलो. त्याचे पाय माझ्या कमरेभोवती आले आणि मला ना पुढे जाता येईना ना उठता येईना. मी सगळं आयुष्य मातीत घालवलेला माणूस, पण या म्हातारपणी त्याच्या दोन पायांमधे नवशिक्यासारखा धडपडत होतो. मी तोल सावरायला हात टेकला तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताने माझी मान खाली घेतली आणि एक पाय माझ्या खांद्यावर आला. जोर त्याने लावलाच नाही. पण मला कळलं की लावला तर माझा श्वास जाईल.

"आता थाप मारा मामा."

माझा हात उठेना. खरंच उठेना. जन्मभर जे केलं नाही ते हात कसं करणार? तो थांबला होता. माझ्या कानाजवळ त्याचा श्वास ऐकू येत होता, शांत.

"मारा. काई होत नाई."

मी त्याच्या बरगडीवर थाप मारली. त्याने लगेच सोडलं.

"झालं," तो म्हणाला. "एवढंच होतं मामा."

मी मातीत बसून रडलो. त्याने माझ्या पाठीची माती झटकली. मग मी त्याला म्हणालो, तुझा लंगोट आईकडून आण, मी खुंटीवर लावतो.

"राहू द्या. ह्या हातानं लंगोट बांधता येत नाई आता. मांगं पोचतच नाई हात."

त्याच दिवशी मी फाट्यावर गेलो. हॉटेलात सात-आठ माणसं होती. मी उभ्यानेच सांगितलं की माझ्या भाच्याने कुस्ती विकली नव्हती, त्याचा गुडघा गेला होता, मी खोटं बोललो. हॉटेलवाल्याने माझ्यापुढे पाण्याचा गिलास ठेवला.

"बसा वस्ताद. मामाचा जीव हाये, तुटतेच तो."

"तसं नाई, खरं सांगून राह्यलो मी."

"हो, हो," दुसरा म्हणाला. "पोराचं लगन अडलं म्हनल्यावर मामा दुसरं काय करन?"

कुणी टिंगल केली नाही. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. एकाने तर चहाही पाजला. मी जीपने परत आलो.

बहिणीने पेटीतून लंगोट काढून दिला. धुऊन, घडी करून ठेवलेला होता. मी तो त्याच्या खुंटीवर लावला. काढला तेव्हा आखाडा पोरांनी भरलेला होता. लावताना मी एकटाच होतो.