ओढ्यातले अकरा

राजूरच्या वर डोंगरात मनकर्णाबाईची वस्ती आहे आणि वस्तीमागच्या ओढ्यात चतुर नावाचा एक दुर्मिळ उडता किडा आहे. पंख फुटेपर्यंत त्याचं पिल्लू पाण्यात, दगडाखाली वाढतं. शहरातून आलेल्या वृषालीला या चतुराच्या जनुकीय खुणा शोधायच्या होत्या. त्यांवरून कुठल्या ओढ्यातला चतुर कुणाचा नातलग ते कळतं. दगड कसा उचलायचा आणि होता तसा परत कसा ठेवायचा, हे तिला मनकर्णाबाईने शिकवलं.

अडलं ते बाटलीपाशी. वृषालीच्या सरांना स्पिरिटमध्ये बुडवलेली तीस पिल्लं हवी होती.

"अख्ख्या वढ्यात अकरा हायेत. मी मोजल्यात," मनकर्णाबाई म्हणाली. "ती मारल्यावर खुना कुनाच्या शोधनार तुमी?"

वृषालीने हे सरांना कळवलं. सरांनी फोनवर बाईला अडाणी ठरवून टाकलं. बाईने बाटली चुलीमागे उपडी घातली. पण नुसतं नाही म्हणून बसणाऱ्यातली ती नव्हे. पंख फुटताना चतुर कात टाकतो आणि ती काठच्या दगडाला चिकटून राहते. आधी उडून गेलेल्यांच्या अशा काती तिने काडेपेटीत भरून दिल्या.

प्रयोगशाळेत त्यांतून काही म्हणता काही निघालं नाही. सरांना कोण आनंद झाला.

"मावशी, काय केलं होतंत यांचं?" वृषालीने परत येऊन विचारलं.

"चिखल हुता. पावन्याला घान कशी द्यायची? चांगल्या चोळून धुतल्या."

वृषालीने कपाळावर हात मारला. कातीच्या आत चिकटलेल्या बारीकशा तंतूंतच सगळं होतं आणि नेमकं तेच धुतलं गेलं होतं. बाईला स्वतःचा भयंकर राग आला. मात्र हट्ट तिने सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रोज ऊन चढायच्या आत ओढ्यावर जाऊ लागली आणि पिल्लू उडालं, की ओली कात न धुता कोऱ्या डबीत ठेवू लागली. दोन काती पाण्याने नेल्या. नऊ हाती लागल्या.

आठांतून खुणा निघाल्या. शेजारच्या ओढ्याशी त्या जुळत नव्हत्या. हा चतुर इथलाच, वेगळा. मग सरांचा फोन आला. आवाज मऊ होता, मागणी तीच.

"मनकर्णाबाई, ते अकरा किडे कुठे आहेत?"

"वढ्यावर उडत्यात," बाई म्हणाली. "बगायला या. बाटली मातर घरीच ठिवा."